तादात्म्य, ताटस्थ्य आणि वकीलपत्र

मराठी समीक्षेत एखाद्या लेखनाला ‘वकिली’ म्हटले, की त्या लेखनाचा निकाल लागला असे समजले जाते. वकिली म्हणजे एकतर्फी. वकिली म्हणजे अंतःकरणाचा स्पर्श नसलेला युक्तिवाद. स्वतःला न पटलेली बाजू पटल्यासारखी मांडण्याचे कसब. आमच्या मराठी विभागाच्या चर्चांतही हा शब्द याच अर्थाने फिरतो. मौज अशी, की साहित्यानंदाची जी उपपत्ती मराठीच्या प्रत्येक पदव्युत्तर वर्गात शिकवली जाते, ती मांडणारे नरसिंह चिंतामण केळकर हे एल्‌एल.बी. होते. साताऱ्याच्या न्यायालयात काही काळ वकिली करून ते एका वृत्तपत्राच्या कचेरीत आले आणि जन्मभर तिथलेच झाले. ‘साहित्यसम्राट’ ही पदवी आपण लक्षात ठेवली. तिच्यामागचा काळा डगला मात्र विसरलो. तो आठवावा, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

केळकरांचा जन्म २४ ऑगस्ट १८७२ रोजी सोलापूर जिल्ह्यातील मोडनिंबचा. टिळकांनी १८९६ साली त्यांना पुण्यास बोलावून घेतले, तेव्हा ते पंचविशीच्याही आत होते. ‘केसरी’ निघून तेव्हा पंधरा वर्षे झाली होती, आणि या पंधरा वर्षांत न्यायालयाशी त्याची चांगलीच ओळख झालेली होती. १८८२ च्या कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक-आगरकरांनी डोंगरीचा तुरुंग पाहिला होता. स्वतः टिळक कायद्याचे पदवीधर. काही वर्षे त्यांनी कायद्याचे वर्गही चालवले. तेव्हा ज्या कचेरीत केळकर दाखल झाले, तिथे लेखणी आणि दंडसंहिता एकाच मेजावर असत. आज एखाद्या मोठ्या माध्यमसंस्थेत ‘विधी विभाग’ म्हणून जो वेगळा मजला असतो, तो त्या काळी संपादकाच्या डोक्यातच असावा लागे.

केळकर आल्याला वर्ष होते न होते तोच १८९७ चा राजद्रोहाचा खटला उभा राहिला. या खटल्याचा राजकीय इतिहास सर्वांना ठाऊक आहे. आम्हांला त्यात मराठीचे अध्यापक म्हणून रस वाटतो, तो एका उपसर्गासाठी. दंडसंहितेच्या कलम १२४ अ मधील मूळ इंग्रजी शब्दाचा सरळ मराठी प्रतिशब्द ‘अप्रीती’ असा होईल. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला त्याचा अर्थ सांगितला, तो ‘प्रीतीचा अभाव’. आता संस्कृत वैयाकरणांनी ‘नञ्’चे सहा अर्थ सांगून ठेवले आहेत: सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध. ‘अधर्म’ म्हणजे नुसता धर्माचा अभाव नव्हे, धर्माच्या विरुद्ध असलेले ते. मग ‘अप्रीती’तला ‘अ’ कोणता? तो विरोधाचा मानला, तर सरकारशी उघड वैर मांडणाराच गुन्हेगार ठरतो. तो अभावाचा मानला, तर सरकारवर ज्याचे प्रेम नाही असा प्रत्येक मनुष्य गुन्हेगार ठरू शकतो. नऊ ज्युररांपैकी सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवले, तिघा हिंदी ज्युररांनी निर्दोष. शिक्षा झाली अठरा महिन्यांची. पुढच्याच वर्षी, १८९८ साली, सरकारने ते कलम नव्याने लिहून काढले. एका समासाचा विग्रह कसा करावयाचा, यावर एखाद्याचे दीड वर्ष अवलंबून असू शकते, हे वर्गात कितीही घसा कोरडा करून सांगितले तरी पटत नाही. या खटल्याचे नाव काढले की पटते.

१९०८ चा खटला तर जवळजवळ भाषांतराचाच खटला होता. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांवरून तो भरला गेला. लेख मराठी, न्यायाधीशाचे काम इंग्रजीत. टिळकांनी स्वतःच आपली बाजू एकवीस तासांहून अधिक वेळ मांडली. त्यातला मोठा भाग असा, की सरकारी भाषांतराने आपल्या शब्दांचे वजन पालटले आहे. नव्या राजकीय कल्पनांसाठी मराठीत शब्द अजून घडत आहेत आणि अशा घडत्या भाषेतील शब्दाला कोशातला एकच इंग्रजी शब्द जोडून त्यावरून लेखकाचा हेतू काढता येत नाही. सात विरुद्ध दोन मतांनी ज्युरीने दोषी ठरवले आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा दिली. हेच दावर १८९७ साली वकील होते आणि टिळकांना जामीन मिळावा म्हणून न्यायमूर्ती तय्यबजींपुढे त्यांनीच यशस्वी युक्तिवाद केला होता. १९०८ साली महंमद अली जिना यांनी टिळकांच्या जामिनासाठी अर्ज केला, तो याच दावरांपुढे. तो नामंजूर झाला. दावरांच्या मनात काय होते याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नाही. आम्हांला एवढेच दिसते, की अकरा वर्षांच्या अंतराने तोच मनुष्य त्याच आरोपीकडे दोन वेगळ्या भूमिकांतून पाहत होता. खटल्यावर ‘मराठा’त केलेल्या टीकेबद्दल केळकरांवर न्यायालयाच्या बेअदबीचा खटला झाला आणि त्यांना चौदा दिवसांचा कारावास व एक हजार रुपये दंड सोसावा लागला. वाचनाचे शास्त्र केळकर पुस्तकांतूनच शिकले नाहीत, हे यावरून ध्यानात यावे.

मग १९१६ आले. होमरूलच्या व्याख्यानांवरून टिळकांकडून वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागण्यात आले. हायकोर्टात जिनांनी त्यांची बाजू मांडली आणि न्यायमूर्ती बॅचलर व न्यायमूर्ती शहा यांनी तो हुकूम रद्द केला. सुटी वाक्ये वेचून अर्थ लावू नये, भाषणे समग्र वाचून त्यांचा एकंदर परिणाम पाहावा, असा त्या निकालाचा रोख होता. आम्ही विद्यार्थ्यांना ‘कृतीचा समग्र प्रत्यय’ म्हणून जे सांगतो, ते याहून फारसे वेगळे नाही. अठरा-एकोणीस वर्षांत एका वृत्तपत्राच्या संपादकावर चाललेल्या तीन प्रकरणांतून, शब्दाचा अर्थ, भाषांतरातला अर्थ आणि समग्र कृतीचा अर्थ, असे अर्थविचाराचे तीन पाठ न्यायालयात गिरवले गेले. आणि त्या तिन्ही वेळी केळकर या संस्थेच्या आतल्या माणसांपैकी एक होते.

या पार्श्वभूमीवर १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनातील केळकरांचे अध्यक्षीय भाषण पुन्हा वाचावे. ‘सविकल्प समाधी’ची कल्पना तिथली. योग्याची निर्विकल्प समाधी म्हणजे भेद पूर्णपणे मावळणे. वाचकाची समाधी तशी नसते. तो दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःची भूमिका सोडून नव्हे. शकुंतलेचे दुःख तो भोगतो आणि आपण शकुंतला नाही हेही त्याला ठाऊक असते. तादात्म्य आणि ताटस्थ्य ही दोन्ही एकाच वेळी असतात, म्हणूनच करुणातही आनंद असतो. या उपपत्तीवर पुढे पुष्कळ आक्षेप आले. सविकल्पात समाधी कशी, हा त्यांतला पहिला. ते आक्षेप आम्ही दरवर्षी शिकवतो आणि त्यांतले काही आम्हांला मान्यही आहेत. पण ही कल्पना सुचली कोणाला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

आमचा तर्क असा: ही कल्पना सुचली ती वकिलाला. दुसऱ्याच्या भूमिकेत शिरणे, पण आपली न सोडणे, ही वकीलपत्राची व्याख्याच नव्हे काय? अशील खुनाचा आरोपी असला तरी वकील त्याच्या जागी उभा राहून घटना पाहतो. आणि त्याच क्षणी समोरचा वकील काय म्हणेल, न्यायाधीश कुठे भुवई उंचावेल, हेही पाहत असतो. तादात्म्य नसेल तर युक्तिवादात जीव येत नाही. ताटस्थ्य नसेल तर वकील अशिलाबरोबर बुडतो. केळकरांच्या निबंधांत प्रतिपक्षाची बाजू कित्येकदा प्रतिपक्षाहून अधिक नेटकेपणाने मांडलेली दिसते. त्यांच्या समतोलपणावर, सौम्यपणावर टीका झाली. टिळकांची धार त्यांना नाही, असे म्हटले गेले. ती धार नव्हती हे खरे. पण जी गोष्ट उणीव म्हणून नोंदवली गेली, तिच्यातूनच मराठीला आस्वादाची एक उपपत्ती मिळाली, हेही खरे असू शकते. केळकरांनी स्वतः असे कुठे म्हटल्याचा आमचा दावा नाही. हा आमचा अन्वयार्थ आहे आणि त्याला आव्हान मिळाले तर आम्हांस आनंदच होईल.

हा सारा इतिहास पुण्या-मुंबईचा. आम्ही शिकवतो ते कन्नडला, आणि १९४८ पर्यंत कन्नड निजामाच्या राज्यात होते. औट्रम घाट उतरला की खाली चाळीसगाव. तो खानदेश, इंग्रजी मुलूख. घाटाच्या माथ्यावर एक राज्य, पायथ्याशी दुसरे. खालच्या गावी वृत्तपत्रावर खटला व्हायचा तो इंग्रजी दंडसंहितेखाली. वरच्या गावी सभा भरवायची म्हटली, तरी गश्ती निशाण ५३ आडवी येई. दोन्हीकडची बोली मराठी, पण वरच्या न्यायालयाची भाषा उर्दू. आजही तालुक्यातील जुन्या घरांत जमिनीचे कागद निघतात ते उर्दूत, आणि ते वाचून घेण्यासाठी जाणकार शोधावा लागतो. आपल्या वडिलोपार्जित शेताचा कागद आपल्यालाच वाचता येऊ नये, ही स्थिती ज्या प्रदेशाने अनुभवली, तिथे अर्थ लावण्याचे काम हा फावल्या वेळचा उद्योग वाटत नाही. आमच्या भाषेतही त्याच्या खुणा आहेत. दावा, फिर्याद, मुद्दा, कैफियत, जामीन, तारीख हे सारे शब्द दरबारातून आणि कचेरीतून घरात आले. ‘मुद्देसूद लिहा’ असे आम्ही विद्यार्थ्याला सांगतो, तेव्हा नकळत त्याला कचेरीचीच शिस्त सांगत असतो.

अशाच एका शेतकरी घरातली मुलगी काही वर्षांपूर्वी आमच्याकडे मराठी घेऊन बी.ए. झाली. घरी मका आणि आले. “मराठी तर घरी बोलतोच ना आपण, त्याला कॉलेज कशाला?” हा तिच्या वडिलांचा प्रश्न आम्हांला अजून आठवतो, तो उद्धटपणाने विचारलेला नव्हता, काळजीने विचारलेला होता. एम.ए.ला येईल असे वाटत असताना ती कायद्याकडे गेली. जिल्ह्याच्या गावी पदवी, मग मुंबईत एका वकिलाच्या हाताखाली काही वर्षे, मग एका माध्यमसंस्थेच्या विधी विभागात कनिष्ठ म्हणून नोकरी. आता ती त्या विभागाची प्रमुख आहे. तिला न्यायालयात क्वचितच उभे राहावे लागते. तिचे मुख्य काम वाचण्याचे. उद्या जे छापले जाणार, दाखवले जाणार, ते ती आज रात्री वाचते. “सर, मी वैऱ्याच्या डोळ्यांनी वाचते,” असे ती एकदा म्हणाली. ज्याच्याविषयी लिहिले आहे तो हे कसे वाचेल, त्याचा वकील कोणत्या शब्दावर बोट ठेवील, आणि ज्याला यातले काहीच ठाऊक नाही असा सामान्य वाचक त्यातून काय समजेल, अशी तीन वाचने एका बैठकीत. केळकरांचे नाव तिने घेतले नाही. आम्हांला मात्र ते त्याच क्षणी आठवले, आणि हा लेख तिथून सुरू झाला.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर तिच्या कामातून मिळते, असे आम्ही मानतो. ते पगाराच्या आकड्यातून नव्हे. अब्रुनुकसानीचा कायदा घ्या. १८६० च्या दंडसंहितेत तो कलम ४९९ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. त्याला दहा अपवाद आहेत, पण आमचे मन रमते ते त्याच्या दृष्टांतांत. ब याचे घड्याळ चोरीस गेले आहे. क हा चोर आहे असा समज व्हावा या हेतूने कोणी म्हणतो, क हा प्रामाणिक मनुष्य आहे, त्याने ब याचे घड्याळ कधीच चोरले नाही. ही अब्रुनुकसानी होऊ शकते. दुसरा दृष्टांत: घड्याळ कोणी चोरले असे विचारल्यावर तो मनुष्य एक शब्दही न बोलता क कडे बोट दाखवतो. तिसरा: तो क चे घड्याळ घेऊन पळतानाचे चित्र काढतो. पहिल्यात वाच्यार्थ स्तुतीचा आणि व्यंग्यार्थ निंदेचा, म्हणजे आपली व्याजस्तुती. दुसऱ्यात अर्थ आहे पण शब्दच नाही. तिसऱ्यात शब्दाची जागा प्रतिमेने घेतली आहे. उपरोधाने केलेला आरोपही आरोपच ठरू शकतो, असे कायद्याचे स्पष्टीकरणच सांगते. अभिधा, लक्षणा, व्यंजना हे प्रकरण परीक्षेपुरते पाठ करून सोडून द्यायचे, असे समजणाऱ्या विद्यार्थ्याला हे तीन दृष्टांत सांगून पाहावेत. ‘सुभाषित आणि विनोद’ हा केळकरांचा ग्रंथ १९०८ चा, म्हणजे ज्या वर्षी त्यांना बेअदबीबद्दल तुरुंगात जावे लागले त्याच वर्षीचा. विनोदाचे शास्त्र आणि त्याचे मोल या दोन्हींशी त्यांचा परिचय एकदमच झाला म्हणायचा.

तिच्या कामाची दुसरी बाजू करारांची. कादंबरीवरून मालिका करावयाची, गीत चित्रपटाबाहेर वाजवावयाचे, तर कोणाला काय मिळणार हे तिचा विभाग लिहितो. २०१२ च्या दुरुस्तीपासून गीतकाराला आणि पटकथालेखकाला स्वामित्वधनातील आपला वाटा निर्मात्याच्या नावे लिहून देता येत नाही. मन्नू भंडारींनी ‘आपका बंटी’वरील चित्रपटाबाबत जो वाद दिल्ली उच्च न्यायालयात नेला, त्यात १९८६ साली हे स्पष्ट झाले, की हक्क विकल्यानंतरही आपल्या कृतीचे विरूपण होऊ न देण्याचा लेखकाचा हक्क उरतो. कृती आणि कर्ता यांचे नाते काय, हा आपला सिद्धांताचा प्रश्न. तिच्यासाठी तो कराराच्या एका परिच्छेदाचा प्रश्न आहे.

एवढे सांगितल्यावर कोणी म्हणेल, की मग मराठी विभागांनी वकील घडवावेत आणि प्रश्न मिटवावा. तो तसा मिटत नाही. केळकर आणि आमची विद्यार्थिनी यांच्यामध्ये एक मोठे अंतर आहे, आणि ते कालमानाचे नाही. केळकर वकील होते, संपादक होते आणि वेळ आली तेव्हा आरोपीही होते. ज्या डोक्याने शब्द तोलला, त्याच मनुष्याला त्या शब्दापायी कोठडीत जावे लागले. आज ही तीन माणसे वेगळी झाली आहेत. लिहिणारा एक, तोलणारा दुसरा, जबाबदार संपादक म्हणून अंकावर नाव छापले जाते तो तिसरा. वकिलाचा अशील आता लेखक नसतो, संस्था असते. तिने वैऱ्याच्या डोळ्यांनी वाचले, ते संस्थेला वैरी भेटू नये म्हणून. हे तिचे कर्तव्यच आहे आणि ती ते प्रामाणिकपणे करते. पण लेखकाच्या बाजूने वाचणारे कोणी त्या खोलीत असतेच असे नाही.

वसंत दत्तात्रय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेचे उदाहरण आम्हांला राहून राहून आठवते. बँक कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेच्या पत्रिकेत ती १९९४ साली पुनर्मुद्रित झाली आणि अश्लीलतेचे प्रकरण सुरू झाले. १४ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. पत्रिकेच्या प्रकाशकाने पूर्वीच बिनशर्त माफी मागितलेली असल्याने, आणि मध्ये दोन दशके गेली असल्याने, प्रकाशक आणि मुद्रक यांच्यावरील आरोप रद्द झाला. कवीला मात्र खटल्याला सामोरे जाण्यास सांगण्यात आले. प्रकाशकाने माफी मागितली यात आम्हांला दोष दिसत नाही. कोणताही चांगला वकील हाच सल्ला देईल. प्रश्न कवीचा आहे. प्रकाशकाला माफी मागता येते, कारण कविता त्याने छापलेली असते. कवीने माफी मागायची तर कविताच मागे घ्यावी लागते. ही कविता चांगली की वाईट, यावर मतभेद असू शकतात आणि आहेत. परंतु ती समग्र वाचली जावी, तिच्यातील निवेदकाला कवी समजले जाऊ नये, तिच्यातील उपरोधाचा रोख कोणावर आहे हे पाहिले जावे, हे सांगणे हे आमच्यासारख्यांचे काम होते. १९१६ साली भाषणे समग्र वाचा असे म्हणणारे न्यायाधीश आणि तसे पटवून देणारे वकील मिळाले. कवितेसाठी ते काम कोणी करायचे?

हा प्रश्न जुना झालेला नाही. ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम १२४ अ स्थगित ठेवले आणि २०२४ मध्ये जुनी दंडसंहिताच गेली. तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेच्या कलम १५२ मध्ये वेगळे शब्द आहेत, आणि त्यांचे अर्थ अजून लागायचे आहेत. ते लावताना पुन्हा उपसर्ग, समास, भाषांतर आणि संदर्भ यांचीच चर्चा होणार आहे. त्या चर्चेत मराठी वाक्ये पुराव्यादाखल येतील आणि कोणीतरी त्यांचे इंग्रजी भाषांतर करील.

म्हणून ‘वकिली’ हा शेरा आम्हांला यापुढे जपून वापरावासा वाटतो. दुसऱ्याची बाजू स्वतःची न सोडता मांडता येणे ही वाचकाचीच विद्या आहे. केळकरांनी तिला समाधी म्हटले. फक्त वकीलपत्र कोणाचे घेतले, हे प्रत्येक वेळी विचारले पाहिजे. संस्थांना चांगले वकील मिळत आहेत, त्यांतले काही आमच्याच वर्गांतून जातात, आणि आम्हांला त्याचा अभिमान आहे. लिहिणाऱ्या एकट्या माणसाचे वकीलपत्र मात्र बहुधा कोरेच असते. त्यावर सही करण्यासाठी सनद लागत नाही. मराठीचे अध्यापक आणि विद्यार्थी यांनी ती सही करावी, एवढीच आमची विनंती आहे.